आणेवारी ते पंचनामा: मनमाड परिसरातील वादळी नुकसानीच्या हिशेबाचा इतिहास

मनमाड समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आत, सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत वसले आहे. नांदगाव तालुक्यातले हे रेल्वे जंक्शन पाणीटंचाईसाठी ओळखले जाते. पालखेड कालव्याचे आवर्तन कधी सुटणार आणि वाघदर्डी धरणात किती पाणी उरले, हे शहराचे जुने प्रश्न आहेत. अशा गावाचा आणि अरबी समुद्रातल्या चक्रीवादळाचा संबंध पहिल्यांदा ऐकताना दूरचा वाटतो. तरीही गेल्या पंधरा-वीस वर्षांत तिथे उठलेल्या अनेक वादळांचा पाऊस नाशिक जिल्ह्याच्या द्राक्षबागांवर आणि कांद्याच्या शेतांवर पडला आहे. त्या नुकसानीचे आकडे दर वेळी आधीच्यापेक्षा मोठे दिसतात. ते कोणी, कशासाठी आणि कोणत्या मापाने काढले, हे समजल्याशिवाय 1872 च्या लाखांची आणि 2025 च्या कोटींची तुलना करता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वादळाची किंमत पैशात मोजली जाई ती मुख्यतः बंदरांत, कारण तिथे जहाजे, गोदामे आणि व्यापाऱ्यांच्या वह्या होत्या. नोव्हेंबर 1854 मध्ये मुंबईला बसलेल्या चक्रीवादळात चार तासांत सुमारे पाच लाख पौंडांची मालमत्ता नष्ट झाली आणि हजारभर माणसे मेली, अशी नोंद आढळते. दहा रुपयांना एक पौंड या तेव्हाच्या दराने ही रक्कम पन्नास लाख रुपये होते. तेच वारे घाटावर येऊन कोणाचे छप्पर उडवून गेले असले, तरी त्याची दखल घेणारे दफ्तर नव्हते. बंदरातल्या मालाला मालक आणि चलनी किंमत होती. घाटावरच्या कुडाच्या घराला आणि कणगीतल्या बाजरीला सरकारी कागदावर किंमत नव्हती.

घाटमाथ्यावर नुकसान मोजण्याची जी रीत होती, ती साऱ्याशी बांधलेली होती. पेशवाईत दुष्काळ, लूट किंवा अतिवृष्टी झाली की गावाकडून सूट मागितली जाई, पाहणी होई, आणि उजाड झालेले गाव पुन्हा वसवायचे असेल तर काही वर्षे कमी साऱ्याचा कौल दिला जाई. 1803-04 च्या दुष्काळात आणि त्या सुमाराच्या लुटालुटीत नाशिक-खानदेशातली बरीच गावे ओस पडली होती. तेव्हा कौलाशिवाय शेतकरी परत येईना. या पद्धतीत रयतेचे किती गेले हा प्रश्न कोणी विचारत नव्हते. सरकारला यंदा किती मिळणार नाही, एवढेच नोंदले जाई. हिशेबाचा हा मूळ कल पुढच्या दोनशे वर्षांत फारसा बदलला नाही.

इंग्रजी रयतवारीने तो अधिक घट्ट केला. जमिनीची मोजणी आणि प्रतवारी करून तीस वर्षांसाठी सारा ठरवला गेला. चांगल्या आणि वाईट वर्षांची सरासरी आकारणीत आधीच धरलेली आहे, तेव्हा एखाद्या वाईट वर्षी सूट देण्याचे कारण नाही, अशी सरकारची भूमिका होती. कागदावर हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण चांगल्या वर्षाचे चार पैसे सावकाराच्या व्याजात गेलेल्या शेतकऱ्याला वाईट वर्षी ती सरासरी कुठून आणायची, हे त्यात नव्हते.

सप्टेंबर 1872 मध्ये गिरणा आणि पांझरा या नद्यांना अचानक प्रचंड पूर आला. मनमाडमधून वाहणारी पांझण पुढे गिरणेलाच मिळते, म्हणजे हे खोरे मनमाडचेच. खानदेशात दीडशेहून अधिक गावांना या पुराचा फटका बसला आणि सुमारे 16 लाख रुपयांची मालमत्ता वाहून गेली. या भागातल्या नैसर्गिक आपत्तीला पैशाचा आकडा लावला गेल्याचे हे एक जुने उदाहरण आहे.

आज तीन-चार खोल्यांच्या एका घरालाही 16 लाख पुरत नाहीत, म्हणून ही रक्कम क्षुल्लक वाटते. तिचे वजन समजायला दुसरे माप घ्यावे लागते. तेव्हाच्या रुपयात साधारण 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी असे, म्हणजे 16 लाख रुपये सुमारे 17 टन चांदी होते. मजुरीचे माप त्याहून बोलके आहे. 1876 च्या दुष्काळी कामांवर पुरुषाला सुरुवातीला दिवसाला दोन आणे मिळत. त्या दराने 16 लाख रुपये म्हणजे 1 कोटी 28 लाख दिवसांची मजुरी. महाराष्ट्रात रोजगार हमीचा 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता. तेवढे दिवस या दराने मोजले तर सुमारे 400 कोटी रुपये होतात. तो पूर किती मोठा होता, ते या गुणाकारानंतर दिसते.

जुन्या आकड्याला आजच्या मापात आणण्याची अशी पद्धत अमेरिकेत चक्रीवादळांच्या अभ्यासातून शास्त्रशुद्ध झाली. 1926 मध्ये मायामी शहराला बसलेल्या वादळाचे नुकसान तेव्हा सुमारे दहा कोटी डॉलर धरले गेले होते. रॉजर पिल्के आणि ख्रिस्तोफर लँडसी यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळा प्रश्न विचारला: तेच वादळ 1995 च्या मायामीवर आले असते तर? महागाई, लोकसंख्येची वाढ आणि माणशी संपत्तीची वाढ असे तीन गुणक लावल्यावर उत्तर सत्तर अब्ज डॉलरच्या पुढे गेले. वादळ तेच होते. त्याच्या वाटेतली घरे, हॉटेले आणि रस्ते वाढले होते. 1992 च्या अँड्र्यूने सुमारे 27 अब्ज, 2005 च्या कॅट्रिनाने आणि 2017 च्या हार्वेने प्रत्येकी सुमारे 125 अब्ज डॉलरचे नुकसान केले. या चढत्या आकड्यांमध्ये वाऱ्याचा वाटा किती आणि किनाऱ्यावर रचलेल्या संपत्तीचा किती, हा वाद तिथे आजही चालू आहे. नाशिक जिल्ह्याच्या बाबतीतही हाच प्रश्न लागू पडतो. फक्त हॉटेलांच्या जागी इथे द्राक्षबाग आणि कांद्याची चाळ ठेवावी लागते.

1872 नंतर चारच वर्षांनी, 1876 ते 1878 या काळात दख्खनवर मोठा दुष्काळ आला आणि मनमाडचे भविष्य त्याने ठरवले. थळ, म्हणजे कसारा घाटातून रेल्वे 1865 मध्ये वर आली होती. दुष्काळात हजारो लोकांना काम द्यायचे आणि अन्नधान्याच्या वाहतुकीसाठी उत्तर-दक्षिण दुवा तयार करायचा, अशा दुहेरी हेतूने दौंड ते मनमाड हा लोहमार्ग हाती घेण्यात आला आणि 1878 मध्ये तो सुरू झाला. त्याच दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी एक रतल धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरचे लोक काम सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारकडे तक्रारींवर तक्रारी पाठवल्या. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या सभेचे महत्त्व एवढ्यासाठी की आपत्तीत रयतेचे काय गेले, याची आकडेवारी सरकारबाहेरच्या मंडळींनी इतक्या नेटाने जमवली. सरकारी कागदावर त्या दुष्काळाची किंमत मदतकार्याचा खर्च आणि बुडालेला सारा अशी होती. सभेच्या कागदांत ती उपाशी माणसे आणि विकलेली जनावरे अशी होती.

1880 च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता आल्या. 1883 आणि 1884 च्या कायद्यांनी तगाईची व्यवस्था लावली. नुकसान झाले तर शेतकऱ्याला बियाणे, बैल किंवा विहिरीसाठी सरकारी कर्ज मिळू लागले. मदत म्हणजे कर्ज, हा त्या काळाचा नियम होता. देणगी ही फार तर अपंग आणि अनाथांसाठी.

याच काळात आणेवारी पक्की झाली. पूर्ण पीक सोळा आणे धरायचे आणि यंदा त्यातले किती आणे आले ते नजरेने व कापणीने ठरवायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात ठरलेल्या नियमांप्रमाणे पीक चार आण्यांपर्यंत असेल तर सारा पूर्ण तहकूब, चार ते सहा आणे असेल तर अर्धा तहकूब. त्यामुळे साडेतीन आणे की साडेचार आणे, या एका आण्यावर गावाचे वर्ष ठरू लागले. 1918 चा खेडा सत्याग्रह याच भांडणातून उभा राहिला. पीक चार आण्यांच्या आत आहे असे शेतकरी म्हणत होते आणि सरकार ते मानायला तयार नव्हते. पुढे आण्यांची जागा पैशांनी घेतली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली की गावाला टंचाईच्या सवलती मिळत. नांदगाव तालुक्यातल्या गावांना ती पन्नासच्या आतली पैसेवारी नवी नाही.

आणेवारीने मोजता येते ते हळूहळू होणारे नुकसान. पाऊस ताण देतो, पीक सुकत जाते, महसूल खात्याकडे पाहायला आणि लिहायला तीन-चार महिने असतात. वादळ-गारपिटीचे तसे नसते. शेजारच्या गावाचे पीक सोळा आणे उभे असते आणि या गावचे अर्ध्या तासात मातीत मिळते. गावाची सरासरी काढणाऱ्या पद्धतीत अशा शेतकऱ्याला जागाच नव्हती. 21 आणि 22 नोव्हेंबर 1948 ला मुंबईवरून गेलेल्या जोरदार चक्रीवादळाच्या वेळीही आपत्तीचा कायमचा, आधीच बाजूला ठेवलेला निधी देशात नव्हता. वित्त आयोगाने राज्यांना आपत्तीखर्चासाठी ठरावीक रक्कम राखून ठेवण्याची व्यवस्था पन्नासच्या दशकात केली. आपत्ती निवारण निधी 1990 मध्ये आला. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर त्याची जागा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीने घेतली. दरम्यान 1972 च्या दुष्काळाने महाराष्ट्राला वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना दिली. ती दुष्काळासाठी अचूक होती, वादळासाठी नव्हती. उडालेले छप्पर खडी फोडून परत येत नाही.

पीकविम्याचा विचार एका मराठी अर्थशास्त्रज्ञाने मार्गी लावला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी 1976 मध्ये असे मांडले की प्रत्येक शेताचे नुकसान वेगळे तपासण्याचा खर्च विमा कंपनीला परवडणार नाही, म्हणून एका सारख्या हवामानाच्या क्षेत्राचे सरासरी उत्पादन हेच एकक धरावे. 1985 ची सर्वंकष पीकविमा योजना या विचारावर उभी राहिली आणि नंतरच्या योजनांनीही तोच पाया ठेवला. दुष्काळासाठी हा पाया भक्कम आहे. गारपिटीत तो कमी पडतो आणि त्याचे कारण आणेवारीचेच: गार महसूल मंडळाची सरासरी पाहून पडत नाही.

या सगळ्या काळात शेतात उभे असलेले पीकही बदलत होते. एकोणिसाव्या शतकात मनमाड, नांदगाव, चांदवड, येवला या पट्ट्याचे मुख्य पीक बाजरी होते. बाजरीच्या एकराला लागणारा खर्च म्हणजे बियाणे, शेणखत आणि घरचे श्रम. पीक गेले तर वर्षाचे धान्य जाई. ते भयंकर होते, पण त्यात अडकलेले रोख भांडवल थोडे होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कालव्यांचे आणि विहिरींचे पाणी, वीजपंप आणि ठिबक आले. निफाड, दिंडोरी, चांदवड भागात थॉम्पसन जातीच्या द्राक्षांच्या बागा उभ्या राहिल्या. लोखंडी किंवा दगडी खांब, तारा, मांडव, कलमे, औषधे आणि मजुरी मिळून बागेच्या एकरात काही लाख रुपये पुरलेले असतात. कांद्याच्या पट्ट्यात चाळी आल्या. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळ कांदा चाळीत भरून पावसाळाभर टिकवायचा आणि दर पाहून बाजारात न्यायचा, ही इथल्या शेतकऱ्याची बचत आहे. मनमाड, लासलगाव, येवला, चांदवड या बाजार समित्यांमध्ये पावसाळ्यात ज्या गाड्या लागतात, त्यांतला माल बहुतेक या चाळींतून आलेला असतो.

म्हणून वादळ कोणत्या महिन्यात येते यावर त्याची किंमत ठरते. मे-जूनमध्ये आले तर चाळीचे पत्रे उडतात आणि खाली साठवलेला कांदा भिजतो. भिजलेल्या कांद्याला आठ-पंधरा दिवसांत सड लागते, ती शेजारच्या कोरड्या कांद्यातही पसरते, आणि चार महिने टिकणारा माल मिळेल त्या भावात विकावा लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आले तर लाल कांदा शेतात असतो आणि उन्हाळ कांद्याची रोपे वाफ्यात असतात. रोपे गेली की पुढच्या हंगामाचे पीक घटते, म्हणजे नुकसान पाच महिन्यांनी दिसते. द्राक्षाला ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस लागला की डाऊनी हा रोग येतो, घड कुजतात आणि मणीगळ होते. तयार द्राक्षांवर पाऊस झाला तर मणी तडकतात. बागलाण भागात द्राक्षे लवकर बाजारात नेण्यासाठी छाटणी पावसाळ्यातच उरकतात. त्यांची फळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तयार होतात आणि अरबी समुद्रातल्या पावसाळ्यानंतरच्या वादळांचा काळही नेमका तोच आहे.

11 नोव्हेंबर 2009 ला फयान चक्रीवादळ मुंबईच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. त्याचा जीवघेणा तडाखा रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मच्छीमारांना बसला, आणि घाटावर त्याचा पाऊस द्राक्षबागांवर पडला. डिसेंबर 2017 मध्ये ओखी किनाऱ्यापर्यंत येता येता विरले, तरी नाशिकच्या बागांना पावसाने गाठलेच. वाऱ्याचा वेग मोजून ज्या वादळांना सौम्य म्हणायचे, ती पावसाच्या वेळेमुळे इथे महागात पडली.

त्यांच्या मध्ये 2014 ची गारपीट येते. ती चक्रीवादळाची नव्हती, पण नुकसान मोजण्याच्या पद्धतीला तिने धक्का दिला. फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर अनेक दिवस गारा पडत राहिल्या. राज्य सरकारने सुमारे 4,000 कोटींचे पॅकेज जाहीर केले आणि कोरडवाहूला हेक्टरी 10,000, बागायतीला 15,000 आणि फळबागांना 25,000 रुपये असा दर लावला. पुढच्या वर्षी केंद्राने दोन बदल केले. पूर्वी निम्म्याहून अधिक पीक गेले तरच मदत मिळे, ती अट 33 टक्क्यांवर आली. आणि आपत्ती मदतीच्या निकषांचे दर वाढून कोरडवाहूला 6,800, बागायतीला 13,500 व बहुवार्षिक पिकांना 18,000 रुपये हेक्टरी झाले, दोन हेक्टरच्या मर्यादेत. अटीतला बदल खरोखर मोठा होता. पूर्वी चाळीस टक्के बाग गमावलेला माणूस सरकारी हिशेबात नुकसान न झालेला ठरत असे.

2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात क्यार आणि महा ही वादळे लागोपाठ आली. दोन्ही किनाऱ्यापासून दूरच राहिली, पण लांबलेल्या पावसाने मका, सोयाबीन, बाजरी, लाल कांदा आणि द्राक्षे असे सगळे एकदम भिजवले. मक्याची कणसे शेतातच उगवली. राज्याने सुरुवातीला 10,000 कोटींची तरतूद जाहीर केली. मग राष्ट्रपती राजवट लागली आणि 16 नोव्हेंबरला राज्यपालांनी खरीप पिकांना हेक्टरी 8,000 आणि फळबागांना 18,000 रुपये जाहीर केले. हेक्टरी 18,000 म्हणजे एकरी सुमारे 7,300. द्राक्षबागेच्या एका एकराच्या औषधफवारणीलाही ते पुरे पडत नाहीत. वादळाने किती घेतले आणि नोंद किती झाली, यातले अंतर इथे स्पष्ट होते.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ दुपारी श्रीवर्धन-दिवेआगर भागात जमिनीवर आले. ताशी 110-120 किलोमीटरच्या वाऱ्याने रायगडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. त्यानंतर ते पुणे आणि नाशिकच्या दिशेने सरकत कमकुवत झाले. नाशिक जिल्ह्यात त्या संध्याकाळी आणि रात्री जोराचा वारा आणि पाऊस होता. नुकताच चाळीत भरलेला उन्हाळ कांदा आणि करोनाच्या टाळेबंदीने आधीच मंदावलेला बाजार, अशा वेळी ते आले.

निसर्गसाठी राज्याने दर वाढवले. पूर्ण पडलेल्या घराला 95,100 ऐवजी दीड लाख, फळबागेला हेक्टरी 50,000. तरी कोकणातून तक्रार आली की वाड्या हेक्टरात नसतात, झाडांत असतात. पाच गुंठ्यांच्या वाडीला हेक्टरच्या हिशेबाने हाती काहीच येत नाही. तेव्हा झाडामागे दर ठरला, नारळाला 250 आणि सुपारीला 50 रुपये. लावल्यापासून सहा-सात वर्षांनी फळू लागणारा आणि पुढे पन्नास वर्षे देणारा माड 250 रुपयांत बसवला गेला. मोजण्याचे एकक बदलून न्यायाच्या दिशेने एक पाऊल पडले. पण एकक आणि किंमत या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यातून उघडे झाले. पुढच्या मे महिन्यात तौक्ते कोकण किनाऱ्याला समांतर जात गुजरातमध्ये उनाजवळ धडकले. त्यासाठी महाराष्ट्राने 252 कोटींची मदत जाहीर केली.

ही वादळे वाढत आहेत, हे मोजमापाने सिद्ध झाले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या 2021 च्या अभ्यासानुसार 1982-2000 या काळाच्या तुलनेत 2001-2019 मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढली. याच काळात बंगालच्या उपसागरात ती थोडी घटली. म्हणजे नाशिकसाठी दोन्ही बाजू वाढत आहेत: येणारी वादळेही आणि वाटेतली संपत्तीही. एक बाजू मात्र दिलाशाची आहे. ओडिशाच्या 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. 2020 च्या अम्फानने सुमारे 14 अब्ज डॉलरचे नुकसान केले, पण पूर्वसूचना आणि स्थलांतरामुळे मृत्यू शेकड्यात राहिले. माणसे वाचू लागली. पीक आणि चाळ यांना मात्र स्थलांतर करता येत नाही.

वादळानंतर नुकसानीचा आकडा तयार होतो तो पंचनाम्यातून. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी एकत्र शेतावर जायचे, सातबाऱ्यावरचा पीकपेरा पाहायचा, नुकसान 33 टक्क्यांहून अधिक आहे का ते ठरवायचे आणि क्षेत्र लिहायचे. तालुक्याचे आकडे जिल्ह्याला, जिल्ह्याचे विभागीय आयुक्तांना आणि तिथून मंत्रालयाला जातात. एका तलाठ्याकडे तीन-चार गावे असतात. पीकपेरा नोंदलेला नसेल तर शेतात काय उभे होते याचा पुरावा उरत नाही. 2021 पासून ई-पीक पाहणीने ही नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली. ज्याच्याकडे चांगला फोन आणि रेंज आहे, त्याला ते सोयीचे झाले. खंडाने किंवा वाट्याने शेती करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, आणि मदत सातबारा पाहून मिळते.

पंचनाम्यात जे येत नाही, त्याची यादी मनमाडपुरतीच केली तरी लांब होते. चाळीत साठवलेला कांदा हा निकषांच्या भाषेत उभे पीक नाही, म्हणून तो भिजला तर पीकनुकसानीच्या दरात बसत नाही. बाजार समितीत लिलाव बंद राहिला तर हमाल आणि मापाडी यांचा रोज बुडतो. भारतीय अन्न महामंडळाच्या इथल्या मोठ्या गोदामात धान्याच्या रेल्वेगाड्या भरणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांचेही तसेच. कसारा घाटात दरड आली किंवा गाड्या वळवल्या तर जंक्शनवरच्या फेरीवाल्याचा दिवस जातो. उलट कर्जत-लोणावळा घाट बंद पडतो तेव्हा मुंबई-पुण्याच्या काही गाड्या मनमाड-दौंडमार्गे सोडाव्या लागतात. 1878 मध्ये दुष्काळी मजुरांचे श्रम ज्यात गेले, तो मार्ग आज दुसऱ्याच आपत्तीत पर्याय म्हणून उपयोगी पडतो. त्याने वाचवलेला पैसाही कोणत्या तक्त्यात नाही.

विम्याचा प्रवास याला समांतर झाला. 2016 च्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत स्थानिक आपत्तीत 72 तासांत कळवले तर स्वतःच्या शेताचे नुकसान दाखवता येत असे, आणि 2023 मध्ये महाराष्ट्राने शेतकऱ्याचा हप्ता एक रुपयावर आणला. 2025 च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद झाली आणि भरपाई पीककापणी प्रयोगांवर, म्हणजे पुन्हा क्षेत्राच्या सरासरीवर आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात अतिवृष्टी झाली. 7 ऑक्टोबर 2025 ला राज्याने 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले. कोरडवाहूला 18,500, हंगामी बागायतीला 27,000 आणि फळबागांना 32,500 रुपये हेक्टरी, तीन हेक्टरपर्यंत. आकड्याने हे राज्यातल्या आजवरच्या सर्वात मोठ्या पॅकेजांपैकी एक.

पॅकेजचा आकडा मोठा असला तरी हेक्टरी दराचा इतिहास वेगळे सांगतो. केंद्राचा बहुवार्षिक पिकांचा दर 2015 मध्ये 18,000 होता, तो 2022 मध्ये 22,500 झाला. सात वर्षांत वाढ 25 टक्के. त्याच सात वर्षांत ग्राहक किंमत निर्देशांक सुमारे 40 टक्क्यांनी वाढला. म्हणजे कागदावर वाढलेली मदत खरेदीच्या ताकदीने घटली. राज्याने 2022 मध्ये दर दुप्पट करून फळबागांना 36,000 दिले होते. 2025 चे 32,500 त्याहूनही कमी आहेत. मायामीच्या आकड्यांना जो महागाईचा गुणक लावला जातो, तो नाशिकच्या भरपाईला लावलेला नाही.

केंद्राचे 2022 चे निकष 2022-23 ते 2025-26 या चार आर्थिक वर्षांसाठी ठरवले गेले होते. पुढचे निकष ठरतील तेव्हा हेक्टरी दराची सांगड किंमत निर्देशांकाशी घातली जावी, आणि चाळीतला कांदा व वाट्याने कसणारा शेतकरी यांना पंचनाम्यात जागा मिळावी, ही मागणी नाशिक जिल्ह्यातल्या ग्रामसभांनी, बाजार समित्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी आतापासून लावून धरायला हवी.